तामलवाडीच्या फाट्यावरची राणी

१४ जुलै

मुंगळा म्हणजे नर? धन्य आहे सरांची!

काल तामलवाडीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होते, तर पायाशी ही. एरवीच्या काळ्या मुंगळ्याच्या दुप्पट, पाठ फुगलेली. टिकल्यांच्या रिकाम्या डबीत घालून घरी तुळजापूरला आणली. आज कॉलेजच्या रणधीर सरांना फोन केला – "सर, मुंगळा सापडलाय, भला मोठा." बस्स! "नर असेल. दोन दिवसांत मरेल. सोडून दे." मुंगी ती आणि मुंगळा तो – एवढ्यावर यांचं प्राणिशास्त्र! बिळात राबणारे सगळे मुंगळे माद्याच असतात, हे यांनीच शिकवलं ना आम्हाला?

मीही शहाणी. घरात बोलतो तसंच बोलून बसले.

१५ जुलै

भिंगातून बघितली. पाठीवर दोन्ही बाजूंना पंख तुटल्याच्या खुणा. नर पंखांसकट मरतो. स्वतःचे पंख तोडून अंडी घालायला बसते ती राणी. राणीच आहे!

बाबांना दाखवायला गेले, तर पेपरातून मान वर न करता – "मुंगीला मरणाच्या वेळी पंख फुटतात." टोमणा मला! रविवारी नळदुर्गचे पाहुणे मला बघायला येणार आहेत. त्याआधी सरांनी हिच्यावरचा विषय मंजूर केला, तरच बाबा पीएचडीसाठी थांबणार. नाहीतर नळदुर्ग. पाहुण्यांना म्हणे शिकलेली हवी, शिकत असलेली नको. डोकं फिरतं नुसतं.

१६ जुलै

अंडी घातली!! सरांना फोटो पाठवला. बघितलाय. उत्तर नाही.

१७ जुलै

सर – "राणीच दिसते. सोमवारी घेऊन ये. नीट ओळख पटली की विषय लिहू." चुकलो म्हणायला जीभ झडली असती का? जाऊ दे. ओळख पटायची अट आहे, पण रविवारच्या आत 'हो' तर मिळालं.

आई डबीत डोकावून गेली. "एकटीच का गं ही? काही खात न्हाय, पीत न्हाय." राणी अशीच राहते म्हटलं. "कसली राणी! बिचारी."

१८ जुलै

डबी उघडी. बुडाला अंडी चिकटलेली, ती नाही.

आई – "तिच्या माणसांत सोडली गं. परसातल्या लिंबाखाली बीळ आहे ना, तिथं. चिमूटभर साखरपण घातली." वर चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान!

धावत गेले. मुंगळ्यांनी पाय धरधरून ताणलेली. डोकं तुटून पडलेलं. साखरेकडं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं.

आईवर ओरडले. आयुष्यात ओरडले नाही इतकी. ती आपली एकच धरून – "अगं पण मुंगळेच ते! तिच्यासारखेच काळे. मारतील कशाला?"

"दुसऱ्या बिळाची आहे ती! परक्या राणीला ते जिवंत ठेवत नाहीत!"

आई उठून लिंबाखालची साखर झाडून आली. मी जेवले नाही. तिनं आग्रहही केला नाही. सरांना काय सांगू? ती नाही तर विषय नाही, मग नळदुर्गच. सगळ्यांचा राग येतोय. डबीवर 'हात लावू नये' एवढं लिहायला मला काय झालं होतं?

१९ जुलै

सकाळी बाबांच्या हातात चहा देताना आई म्हणाली, "नळदुर्गला फोन करा. येऊ नका म्हणावं."

बाबा – "अगं, चांगली माणसं आहेत. आपल्यातलीच."

आई – "मुंगळेपण तिच्यातलेच होते. करा तुम्ही फोन."