यंदा अर्ज नाही

११ जून, बुधवार

निर्णय झाला. यंदा कॉलेजला अर्ज करायचा नाही. नाही म्हणजे नाहीच.

सात वर्षं नांदेडहून जाऊन-येऊन मुदखेडच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर बॉटनी शिकवतोय. एप्रिल आला की आमचं प्राध्यापकपण संपतं. जुलैत जाहिरात, अर्ज, मुलाखत, मग पुन्हा सुरू. ज्यांनी सात वेळा मुलाखत घेतली तेच लोक आठव्यांदा विचारणार, आपला परिचय द्या. स्टाफरूममध्ये परमनंट लोकांच्या खुर्च्यांवर टॉवेल असतात. एका खुर्चीवर टॉवेल नाही. तिला एक पाय पण नाही.

अंबिकेला निर्णय सांगितला. ती ड्युटीवर निघाली होती. म्हणाली, दळण आणून ठेवा. विरोध नाही, असं समजतो.

१२ जून

योगायोग बघा. लातूरहून बजरंगचा फोन. बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होता, माझी जर्नल उतरवायचा. आता त्याचा नीटचा क्लास आहे, तीन मजली, वर होस्टेल. म्हणाला, बॉटनीला माणूस पाहिजे, येऊन एक डेमो दे. 'डेमो' हा शब्द खटकला. पण आवाजात काकुळती होती. मधेच तो कोणाला तरी मेसच्या वरणाबद्दल ओरडला, तरी होती.

विचार करून सांगतो म्हणालो. बरं म्हणून त्याने लगेच फोन ठेवला. धक्का बसला असणार.

१५ जून, रविवार

अटी ठरवल्या. रविवारी शिकवणार नाही. अंगठा लावून हजेरी देणार नाही, माणूस आहे की रेशनकार्ड. स्वतंत्र केबिन, आणि दारावर नावापुढे 'प्रा.' लागेल. अंबिकेने विचारलं, लातूरला गेलो तर तिच्या दवाखान्याच्या नोकरीचं काय, अक्षराच्या शाळेचं काय. अक्षरा दुसरीत आहे. म्हणालो, तपशील नंतर. आधी तत्त्व.

१८ जून

भाजीमंडईत प्राचार्य भेटले. मी सहज विषय काढल्यासारखा काढला की लातूरहून बोलावणं आहे. ते शेवग्याच्या शेंगा बघत होते. म्हणाले, यंदा परमनंट जागा निघण्याची शक्यता नाकारता येत नाही.

आता हे काय समजायचं? एवढा मोठा माणूस भर बाजारात असं उगीच बोलणार नाही. मला सोडायची त्यांची तयारी नाही, हे उघड आहे.

नवा निर्णय: लातूर रद्द.

अंबिकेला वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, हेच वाक्य अक्षराच्या बारशाला आले तेव्हा बोलले होते. बायकांना नको ते लक्षात राहतं.

२१ जून

थोडी दुरुस्ती. लातूरला जायचं, डेमो द्यायचा, पण नोकरी घ्यायची नाही. बातमी मुदखेडला पोचली की प्राचार्य हलतील. याला दबाव म्हणतात. कॉलेजात सगळे असंच करतात.

बजरंगला होकार कळवला. त्याने अंगठा पाठवला.

२२ जून, रविवार

डेमोची तयारी. विषय प्रकाशसंश्लेषण. पण गाइडसारखा नाही. मेणबत्ती, काचेची हंडी आणि उंदीर, या जुन्या प्रयोगापासून सुरुवात करणार. आधी आरशासमोर, मग अंबिकेसमोर. ती नाइट करून आलेली. मेणबत्ती विझण्याआधी तिचा डोळा लागला.

अक्षरा मात्र ऐकत होती. मधेच विचारते, झाड रात्री झोपतं का? मी सांगितलं, हा अकरावीचा विषय आहे, मध्ये बोलायचं नाही. लिंक तुटली.

२९ जून, रविवार. लातूर

लोहा, अहमदपूर, चाकूर. गाडीत उभाच. शर्टाची इस्त्री अहमदपूरलाच गेली.

डेमो ऐतिहासिक झाला. हॉल खचाखच, सगळी पोरं एकाच रंगाच्या टी-शर्टात. फळा एवढा मोठा की उंदीर मनासारखा काढता आला. मिशा, शेपटी सगळं. वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मागच्या दोन रांगा डोळे मिटून ऐकत होत्या. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, सर, यावर प्रश्न येतो का? ही खरी जिज्ञासा. मी म्हणालो, बाळ, आधी समजून घे. ती खाली बसली आणि फिजिक्सचं पुस्तक काढलं. बहुतेक संबंध शोधत असावी.

वेळ संपल्याची बेल झाली तेव्हा उंदीर हंडीत जायचाच होता.

नंतर बजरंगच्या केबिनमध्ये चहा. तो बराच वेळ मोबाइल बघत होता. मग म्हणाला, "मल्ल्या, उंदीर चांगला काढलास."

कळवतो म्हणाला. माझ्या अटींचा विषय मीच आज काढला नाही. आज त्याला पेललं नसतं.

३० जून

रात्रीचा मुक्काम सासुरवाडीला होता. सासरे अण्णाराव यांचं गंजगोलाईजवळ भांड्यांचं दुकान आहे. मी त्यांना मामा म्हणतो. आल्या आल्या 'शरणु शरणार्थी' असा आमच्यातला नमस्कार झाला, जेवायला बसलो. मी डेमोचं सविस्तर सांगितलं. मग कॉलेज, प्राचार्य, दबाव, सगळंच. मामा जेवत होते. भाकरी संपल्यावर म्हणाले,

"जावईबापू, एक इचारू का? राग मानू नका. तुम्हाला शिकवायला आवडतंय, का सर म्हणून घ्यायला?"

मी म्हणालो, दोन्ही एकच आहे. त्यांनी मान हलवली आणि मला अजून भात वाढायला लावला. सासूबाई, म्हणजे बसम्मामामी, स्वयंपाकघरातून कन्नडात काहीतरी म्हणाल्या. मला शब्द लक्षात राहिले, म्हणून गाडीतून अंबिकेला फोन करून अर्थ विचारला. तिने सांगितला नाही. घरी या म्हणाली.

भांडी विकणाऱ्या माणसाला अकॅडमिक प्रश्न कळत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. पण सबंध प्रवासात तेच डोक्यात घोळत होतं. चाकूरला उतरून चहा घ्यायचा होता, तोही राहिला.

३ जुलै

बजरंगचा फोन नाही. मोठ्या माणसाला घ्यायचं तर वेळ लागतोच.

८ जुलै

जाहिरात आली. बॉटनी, तासिका तत्त्व, अर्ज पंधरा तारखेपर्यंत. पेपर उशीखाली ठेवला. अर्ज करणार नाही. करायचाच झाला तर प्राचार्यांनी स्वतः फोन करून म्हणायचं, मल्लेश सर, तुमच्याशिवाय डिपार्टमेंट उघडता येत नाही. तेव्हा बघू.

बजरंगला मेसेज केला, कसा आहेस. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

११ जुलै

वर्षाराणीचा फोन. माझी जुनी विद्यार्थिनी, हिमायतनगरकडची, गेल्या वर्षी नेट झाली. अवघडत बोलत होती. म्हणाली, सर, तुम्ही यंदा अर्ज करत नाही असं कॉलेजात ऐकलं. तुम्ही करणार असाल तर मी भरत नाही.

बातमी पोचली तर. दबाव सुरू झाला.

मी मोठ्या मनाने म्हणालो, भर की, अनुभव मिळेल. मुलाखतीत घाबरायचं नाही, असंही शिकवलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना सर? मी म्हणालो, नक्की. अशा वेळी आवाजात जरब ठेवावी लागते.

१३ जुलै, रविवार

सकाळ वाया गेली. अंबिका ड्युटीवर. अक्षराने मोड आलेली मटकी आणून विचारलं, शेपूट कोणत्या बाजूने निघायचं ते हिला कोण सांगतं? मी म्हणालो, नंतर. ती हलेना. मग एक दाणा फोडून दाखवला. मग अजून एक. मग वाटीत उलटे ठेवून बघू म्हणून ओला कापूस शोधला, भिंगासाठी माझी जुनी पेटी खाली काढली. शेजारची दोन पोरं पण आली. एकाने विचारलं, दगडाला मोड का येत नाहीत? असलं कोणी कधी विचारलं नव्हतं. बोलता बोलता जेवायची आठवण राहिली नाही. अंबिका आली तेव्हा आम्ही चौघं फरशीवर पालथे पडलेले.

ती दारात नुसती उभी राहिली. मटकीची उसळ होणार होती, ती पण गेली.

करिअरच्या दृष्टीने दिवसभरात काहीच काम नाही.

१५ जुलै, मंगळवार

शेवटची तारीख. फोन सकाळपासून चार्जिंगला. एकदा वाजला. गॅसवाला होता, दार उघडा म्हणत होता.

दुपारी अंबिकेने विचारलं, अर्ज भरायचा का. मी म्हणालो, प्राचार्य फोन करतील. ती डबा भरत होती, थांबली.

"अहो, त्यांनी नाहीच केला तर काय करायचं, ते एकदा ठरवा. मला पण सांगा. मी पण याच घरात राहते."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर उत्तर देता आलं असतं. ती गेल्यावर कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. आत गर्दी होती. गर्दीत अर्ज भरणं मला शोभत नाही.

१७ जुलै

मुदखेडला गेलो होतो, सहज. प्राचार्य हसतमुखाने उठले, हात मिळवला. म्हणाले, अभिनंदन, लातूरला मोठ्या ठिकाणी लागलात, आम्ही स्टाफ मीटिंगला तुमचं नाव घेतलं. मी म्हणालो, अजून फायनल नाही. ते म्हणाले, असं कसं, तुम्हीच तर मंडईत सांगितलं.

चहा पाजला. टॉवेलवाल्या खुर्चीवर बसवून. सात वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर आलो तर पायरीवर तिसऱ्या वर्षाची दोन पोरं भेटली. त्यांनी पण अभिनंदन केलं.

२४ जुलै

वर्षाराणी पेढे घेऊन आली. तिला घेतलं. पाया पडली. मी आशीर्वाद दिला, चांगला दिला, कुठेही कमी पडलो नाही. ती पेढ्याचा बॉक्स हातातच धरून बसली होती. मग खाली बघून म्हणाली, "सर, तुम्ही ते वडाचं पान घेऊन वर्गात आला होता ना, त्या दिवशी मी बॉटनी घ्यायचं ठरवलं."

मला ते पान आठवेना. मी पाणी आणायला आत गेलो आणि जरा वेळ आतच थांबलो. तिला पाणी अंबिकेने दिलं.

२८ जुलै, सोमवार

शेवटी मीच बजरंगला फोन केला. तो म्हणाला, बॉटनीला राजस्थानचा माणूस जूनमध्येच घेतला. मी विचारलं, माझा डेमो कधी होता मग? म्हणाला, डेमोच्या दुसऱ्याच दिवशी ठरलं. नंतर तोच म्हणाला, डाउट काउंटरला माणूस लागतोय, येतोस का. रिपीटर बॅच आहे. म्हणजे गेल्या वर्षी नंबर लागला नाही म्हणून पुन्हा वर्षभर बसणारी पोरं. ती शंका घेऊन काउंटरवर येतात, त्या सोडवायच्या. शिकवायचं नाही. अंगठा लावावा लागेल.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो म्हणाला, "मल्ल्या, आत्ता सांग."

आत्ता सांगितलं.

३० जुलै

अंबिकेशी बोललो. ती आणि अक्षरा नांदेडलाच राहणार, मी मामांकडे राहून रविवारी येणार. पण रविवारी तिथे टेस्ट असते. बघू. मी म्हणालो, निर्णय मी पूर्ण विचार करून घेतलाय. ती माझ्या शर्टांच्या घड्या घालत होती. घालत राहिली.

४ ऑगस्ट, सोमवार. लातूर

पहिला दिवस. अंबिका नाइटवरून यायची होती, अक्षराला शेजारी सोडून निघालो. बसायला जागा मिळाली.

क्लासच्या गेटवर वॉचमनने अडवलं. म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं. मी सांगितलं, मी सर आहे. त्याने आयकार्ड मागितलं, ते आज मिळणार होतं. बजरंग फोन उचलेना. वॉचमन वाईट माणूस नव्हता. म्हणाला, सावलीत बसा, साहेब आले की सोडतो.

लिंबाखाली पालक बसले होते, डबे, पिशव्या, चादरी घेऊन. मुरुडकडचा एक माणूस जरा सरकला, मला जागा केली. कुठून आलात विचारलं. नांदेड म्हणालो. लांब हाय, म्हणाला. त्याने पिशवीतून शेंगा काढल्या, मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. मग विचारलं, तुमचं कोणत्या बॅचला हाय?

सगळं सांगावं असं वाटलं. पहिल्यापासून. मग म्हणालो, रिपीटर.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. लागंल यंदा नंबर."

मी हो म्हणालो आणि शेंगा सोलायला लागलो.