न उघडलेले प्रबंध

३ एप्रिल, गुरुवार

मुंगीला दोन्हीकडे प्रवेश मिळाला! अर्थशास्त्र. आधी एम.ए. आणि तिथेच पुढे पीएचडी — सलग सहा वर्षांचं प्रकरण. एक विद्यापीठ इथलं, जिथे मी छत्तीस वर्षं बाइंडर होतो आणि अजूनही मंगळवार-शुक्रवार ग्रंथालयाच्या दुरुस्तीच्या खोलीत जातो. दुसरं लांबचं. गाडीने दीड दिवस लागतो.

फोनवर आधी लेक बोलली, मग नात. लेकीच्या आवाजात काळजी, नातीच्या आवाजात घाई. मुंगी शेवटी म्हणाली, "आबा, तुमच्याकडे का तिकडे लांब? तुम्ही सांगाल तिकडे जाते."

मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. मी काय सांगणार कपाळ, असं म्हटलं. तर म्हणते, त्या विभागातला एकूण एक प्रबंध तुमच्या हाताखालून गेलाय, तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?

पंधरा तारखेपर्यंत कळवायचं आहे.

४ एप्रिल

वरची खोली झाडली. तीन वर्षांची धूळ. खोकून खोकून बेजार झालो. टेबल खिडकीशी लावलं, मग वाटलं डोळ्यांवर ऊन येईल, परत भिंतीशी ओढलं. कंबर धरली.

अजून काही ठरलेलं नाही. झाडायला काय हरकत आहे.

६ एप्रिल, रविवार

आज कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. सकाळपासून तोंडातून शब्द निघाला नव्हता. दुपारी स्वतःशीच मोठ्याने "चला, चहा टाकू" म्हटलं, तर घसा बसल्यासारखा आवाज.

ही होती तेव्हा म्हणायची, तुम्ही प्रबंध बांधता की वाचता? दोन्ही. खळ वाळायला वेळ लागतो, तोवर हात रिकामे. समोर छापील कागद. वाचायचं नाही तर करायचं काय? इतिहासाचे वाचले, रसायनाचे वाचले — ते डोक्यावरून गेले. अर्थशास्त्राचे मात्र धरून बसलो. भाव का चढतात, लोक गाव का सोडतात, हे तर आपल्याच दाराशी घडणारं. अडलेला शब्द वहीत लिहायचा आणि दोन-चार प्रबंधांत भेटला की अर्थ आपोआप लागायचा. आकडेमोडीची पानं मी सोडून द्यायचो. मुंगी दहा वर्षांची असताना तिला मागणी आणि पुरवठा मी समजावला, याच स्वयंपाकघरात, शेंगदाण्याच्या डब्यावरून. डबा तिने रिकामा केला आणि म्हणाली, आता पुरवठा संपला. तेव्हापासून तिचं डोकं त्यात. आता तिला शोधायचंय की बायकांच्या घरकामाला देशाच्या उत्पन्नात जागा का नाही. हिच्याकडे बघतच मोठी झाली ना ती.

उगाच पाल्हाळ. परवा ग्रंथालयात जाऊन नीट बघतो आणि मगच सांगतो. अंदाजपंचे बोलायचं नाही, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

८ एप्रिल, मंगळवार

बघितलं.

ग्रंथपाल बाईंकडून इथल्या विभागाच्या कपाटाची किल्ली घेतली. म्हणाल्या, "मामा, त्या कपाटाला कसली दुरुस्ती? त्यातलं तर काही फाटतच नाही." त्या हसत बोलल्या. मला हसू आलं नाही.

प्रबंध वाचला गेलाय की नाही हे बाइंडरला पाठ बघून कळतं. नवी बांधणी पहिल्यांदा उघडताना कुरकुरते. दहा-वीस वेळा उघडली की पाठीवरच्या कापडाला सुरकुत्या पडतात, पानांच्या कडा बोटांनी मळतात. मी एकोणीस वर्षांपूर्वी बांधलेला एक काढला. उघडला — कुरकुरला. त्याच्या शेजारचा काढला. तोही कुरकुरला. ओळीने बावीस काढले. अठरा कोरे करकरीत.

मग पहिली पानं बघितली. ऋणनिर्देश. "ज्यांच्या कृपाछत्राखाली हे अल्पसे कार्य सिद्धीस गेले" — अठरांपैकी चौदांत हेच वाक्य, एकाच सरांचं नाव, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. दुसरं प्रकरण तर एकमेकांचं उतरवल्यासारखं. इतकी वर्षं मी हे एकेक करून बांधले, तेव्हा लक्षात आलं नाही. शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांत भरतं.

लांबच्या विद्यापीठाचे प्रबंध ग्रंथालयांच्या देवघेवीत आमच्याकडे थोड्या दिवसांसाठी येतात. पाणी भरण्यात बायकांचे किती तास जातात यावरचा एक आहे, तो मी तीनदा नव्याने शिवलाय. खिळखिळा होऊनच येतो. समासात पेन्सिलीने भांडणं — कुणी लिहिलंय "हे पटत नाही", खाली दुसऱ्या हाताने "मग जाऊन मोजून बघ". ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. पण ही भांडणं मी कधी खोडली नाहीत.

म्हणजे उत्तर सरळ आहे. शेंबड्या पोरालाही कळेल.

९ एप्रिल

मुंगीचा फोन. "बघितलंत, आबा?"

"बघितलं. इथेच ये," म्हणालो.

ती म्हणाली, खरंच? मी म्हटलं, चांगला विभाग आहे, जुना आहे, सरांचं नाव आहे. एकही शब्द खोटा नाही. विभाग जुना आहेच.



१० एप्रिल

सहा वर्षं. मी चौऱ्याहत्तरचा. तिची पीएचडी होईतो ऐंशीचा होईन — झालो तर. सहा वर्षं घरात कुणीतरी जिन्यावरून धाडधाड खाली उतरेल. एवढंच मागतोय, जास्त काय मागतोय?

असं लिहिलं की बरं वाटतं. वाचलं की वाटत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दुरुस्तीच्या खोलीत एक बाई प्रबंध बांधून घ्यायला आली. इथल्याच विभागाची, त्याच सरांची. कानांमागचे केस पांढरे झालेले. पाच प्रती, दोरीने बांधलेल्या. किती वर्षं लागली विचारलं, तर म्हणाली नऊ. चार वर्षं सरांच्या पुस्तकाची सूची करण्यात गेली, दोन त्यांच्या परिषदांत खुर्च्या मांडण्यात. रडगाणं नव्हतं. बसला उशीर का झाला ते सांगावं तसं सांगितलं.

पानं लावताना ऋणनिर्देश दिसला. कृपाछत्र होतंच. मी न राहवून विचारलं, हे तुम्ही लिहिलंत?

"ते वाक्य ठरलेलं आहे, मामा. ते कुणी बदलत नाही."

कापड कोणतं, अक्षरं सोनेरी की चंदेरी, असं मी विचारू लागलो. ती म्हणाली, "साधंच करा. कपाटात तर राहायचंय."

प्रवेश घेतला तेव्हा बावीसची होते, म्हणाली. मुंगी बावीसची आहे.

दाभण बोटात घुसलं. छत्तीस वर्षांत असं चारदासुद्धा झालं नसेल.

१२ एप्रिल

लेकीचा फोन. काळजी मिटल्यासारखा आवाज. मुंगी खूश आहे म्हणे, वरच्या खोलीच्या पडद्याचं माप विचारतेय. आबांना सोबत होईल आणि पोरगी घरच्या माणसाजवळ राहील, याहून दुसरं काय पाहिजे?

मी माप सांगितलं. मोजून सांगितलं, टेप घेऊन, वर जाऊन. काय माणूस आहे मी!

१३ एप्रिल, रविवार

जेवण गेलं नाही. हिच्या फोटोकडे पाठ करून बसलो होतो.

पोरीने माझ्यावर विश्वास ठेवला तो मी तिचा आबा म्हणून नाही, मला प्रबंधांतलं कळतं म्हणून. माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी मला हे म्हटलेलं नाही. प्रबंध बांधून नेणारे प्राध्यापक कधी "नमस्कार बाइंडर" याच्यापुढे गेले नाहीत. आणि जिने म्हटलं, तिलाच मी —

उद्या.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला फोन लावला. वाजू लागल्यावर कापला. साडेआठला परत तेच. नवाला तिनेच केला. आबा, दोनदा तुमचा फोन येऊन गेला, बरं आहे ना सगळं?

सगळं सांगितलं. न थांबता, घोड्यावर बसल्यासारखं. अठरा न उघडलेले, चौदा कृपाछत्रं, नऊ वर्षांची बाई. पाण्याचे तास मोजणारा खिळखिळा प्रबंधही सांगितला. आठ तारखेलाच मला कळलं होतं आणि नऊ तारखेला मी तुला उलटं सांगितलं, हेही. "मुंगे, तू तिकडे जा. इथे येऊ नकोस."

शेवटी ती "बरं, आबा," एवढंच म्हणाली. चिडली का? चिडायलाच हवी. फोन ठेवून खुर्चीत बसलो तो बाराला उठलो.

१५ एप्रिल

लेकीचा निरोप आला. लांबच्या विद्यापीठाला होकार कळवला.

२२ एप्रिल, मंगळवार

त्या बाईच्या पाच प्रती बांधल्या. साधंच करा म्हणाली होती. मी पाठीला दुहेरी कापड घातलं आणि अक्षरं सोनेरी ठोकली. शिकंज्यातून काढल्यावर प्रत्येक प्रत तीन-चार जागी उघडून पाठ मोकळी केली. तिसरं प्रकरण वाचलं, तिथे सरांचा हात दिसत नाही. चांगलं लिहिते. ती न्यायला आली की सांगणार आहे.

४ मे

वरची खोली बंद केली. खाली आलो. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढलं.

२२ जून, रविवार

मुंगी जाण्याआधी एक दिवस राहून गेली. स्टेशनवर बाकावर बसलो होतो, तेव्हा आपणहून म्हणाली, "आबा, इथला विभाग कसा आहे ते मला मुलाखतीलाच कळलं होतं."

मग विचारलंस कशाला, म्हटलं.

"आजी गेल्यापासून तुम्ही कुणाला 'ये' म्हणाला नव्हतात. एकदा म्हणाला असतात, तर मी येणार होते. तुम्ही म्हणालात आणि मी ठरवलंही." बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "मग 'जा' म्हणालात. तुम्ही ते म्हटलं नसतं तर मला जाता आलं नसतं."

मी समजत होतो मी तिला फसवून आणतोय. ती सगळं बघून, समजून येत होती.

गाडी हलल्यावर म्हटलं, ये. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.