किलिमांजारोवर बिनसाखरेचा चहा

९ फेब्रुवारी

पोचलो. विमानात काही वाटलं नाही. उतरल्यावरही नाही. बरोबरच्या एकीनं विचारलं, काकू, पहिलंच विमान ना, भीती वाटली का? हो म्हणाले. तिला बरं वाटलं.

हॉटेलच्या अंगणातून डोंगर दिसतो. डोक्यावर पांढरं. मोहिनी म्हणते, हा पोटात आग असलेला डोंगर, पण लई वर्षं झाली, निजलाय. म्हणजे गार पडलेली चूल! मोहिनी पुण्याची, आमच्या टोळीची म्होरकी. माझा लेक परमेश्वर तिच्याबरोबरच गड चढायचा. हा डोंगरही त्यानंच ठरवला होता — तो अन सुकन्या, नवराबायको. मग मांजरसुंब्याच्या फाट्यावर ट्रक आला.

सुकन्या म्हणाली, आत्याबाई येत असतील तर जाते. सासूला घेऊन डोंगर चढणारी सून मी दुसरी ऐकली नाही. आले.

१० फेब्रुवारी

चढ सुरू झाला. जोसेफ नावाचा इथला वाटाड्या. सारखा "पोले, पोले" म्हणतो, म्हणजे हळू हळू. मी सगळ्यांच्या मागं. जन्म शेळ्यांमागं गेला, पुढं चालायची सवय नाही. म्हातारी दमली का, असं त्यानं मोहिनीला विचारलं. तिनं शेळ्यांचं सांगितलं. तो मला हात जोडून म्हणाला, मग मी तुमची शेळी. सगळे हसले. सुकन्यासुद्धा. तिचं हसणं कसं असतं ते मी विसरूनच गेलते.

चहात साखर नको म्हणलं. सुकन्याही नको म्हणली.

११ फेब्रुवारी

दिवसभर पाऊस. चाललो. भात खाल्ला.

१२ फेब्रुवारी

झाडं संपली. पायाखाली काळी राख, बूट टाकला की उडते. मोहिनी म्हणाली, ही याच डोंगरानं कधीतरी ओकलेली. हातात घेतली. आपल्या चुलीतल्यासारखीच की. गार.

एक गोष्ट इथं लिहिते. घरी लिहायचं धाडस झालं नव्हतं.

आमच्याकडं माणूस गेलं की वर्षभर घरात गोड नसतं. वर्षश्राद्धाला सोयरे येतात, घरच्यांचं तोंड गोड करतात, दुखवटा फिटतो. परमेश्वरचं वर्षश्राद्ध झालं. माझ्या हातावरही लाडू ठेवला. मी तो ताटाखाली सरकवला. सुकन्यानं बघितलं अन तिनंही तसंच केलं. सासूचं तोंड गोड झालं नाही तर सुनेचं कसं व्हावं?

दिवाळीला तिचा भाऊ विजयसिंह धर्मापुरीहून आलता. चांगलं स्थळ आहे म्हणाला. अंबाजोगाईचा मास्तर, बायको वारलेली, लेकरू नाही. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या घरचं गोड झाल्याबिगर आमी कोणत्या तोंडानं पुढं बोलावं?"

बघू म्हणाले. अजून बघतेच आहे.

लोकांना वाटतं, म्हातारीचं दुःख सरत नाही. असेलही. पण मी गोड खाल्लं की सुकन्या गेली — हे मला पक्कं ठाऊक. मग घरात मी अन दोन शेळ्या.

१३ फेब्रुवारी

सुकन्याचं डोकं दुखतंय. सकाळपासून जेवण नाही. जोसेफ बोटाला चिमटा लावून आकडा बघतो. आज तिचा आकडा बघून हसला नाही. साखर घातलेली पेज दिली, चॉकलेट दिलं. दुसरं काही तिच्या पोटात ठरत नाही. तिनं वाटी सरकवली.

मोहिनीनं मला विचारलं, उपास आहे का हिचा? मी म्हणाले, आमच्याकडं चालत नाही.

मीच म्हणाले. सुकन्यानं वर बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

शेवटचा तळ. नुसते दगड अन वारा. इथून वर शेंडाच.

सुकन्या तंबूपाशी बसली ती उठलीच नाही. ओकारीत नुसतं पाणी. जोसेफ म्हणाला, थांबायचं नाही, आत्ताच्या आत्ता खाली. पण उभं राहायला तरी पोटात काही पाहिजे. गोड चहा आणला. तिनं तोंड मिटलं.

मोहिनी म्हणाली, "सारजाकाकू, तुम्ही सांगा ना हिला."

"घे पोरी," मी म्हणाले.

"तुमी घेतल्याबिगर मी न्हाई घेणार, आत्याबाई."

ओठ जांभळे पडलेले. अन हट्ट बघा! जोसेफ कप धरून उभा. आपण काय पितोय ते मला कळत होतं. विजयसिंहही दिसला डोळ्यापुढं.

प्याले. गोड लागलं नाही. कशाचीच चव आली नाही — गरम पाणी.

"झालं माझं तोंड गोड. घे आता."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग प्याली. आणखी मागितला.

परमेश्वरची लोकरीची टोपी शेंड्यावर न्यायची म्हणून आणलेली. तिच्या कानाला वारा झोंबत होता. घातली तिला. ती जोसेफच्या खांद्याला धरून उतरायला लागली. मी मागं.

१५ फेब्रुवारी

खालचा तळ. चिमट्याचा आकडा वाढला. सुकन्यानं भात खाल्ला, वर जाम लावलेला पावही.

बाकीचे शेंड्यावर जाऊन आले. फोटो दाखवले. बघितले. काही वाटलं नाही.

सुकन्या म्हणाली, दादानं त्या मास्तराचा फोटो दाखवलाय मला. माणूस वाईट न्हाई वाटला. मग म्हणाली, "पण तुमी एकल्या पडताल."

"शेळ्या हायत की," म्हणाले.

२२ फेब्रुवारी, तलवाडा

विजयसिंहाला फोन केला — पाहुण्यांना घेऊन ये. सुकन्या दारात उभी राहून ऐकत होती. पाट्यावर पुरण वाटायला बसली.

नैवेद्याआधी चाखू नये. चाखलं.

गूळ कमी पडलाय. मला कळलं.