तिसऱ्या रिळाची वेळ

बाबा, आज एका प्रेशर गेजचा अहवाल मी परत पाठवला. तपासणाऱ्याने एक आकडा न बघताच भरला होता. ‘पाहिलं नसेल तर रकाना रिकामा ठेवा,’ असं मी समासात लिहिलं. हे वाक्य तुमचं आहे. ते वापरायचा मला अधिकार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

बहरीनमधल्या अरादच्या आपल्या बिल्डिंगचं अंगण, गुरुवारची संध्याकाळ. दिवसभर वायरिंगची कामं करून तुम्ही क्लबातला प्रोजेक्टर आणायचात आणि भिंतीवर चादर ताणायचात. यंत्र एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवा लागायचा, चहा यायचा, आणि इंग्रजी न कळणाऱ्यांना तुम्ही तिथवरची गोष्ट मराठीत सांगायचात. मी तेरा वर्षांची. यंत्रात फिल्म ओवणं आणि वहीत प्रत्येक रिळाची वेळ लिहिणं माझ्याकडे. घड्याळ पाहिलं नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, हे तुम्हीच शिकवलेलं. ‘माझी पोर मोजल्याशिवाय बोलत नाही,’ असं तुम्ही सगळ्यांना सांगायचात. त्या गुरुवारी जुना अमेरिकन गुन्हेगारीपट होता, काळापांढरा. न केलेल्या गुन्ह्यासाठी एका माणसाला धरलेलं असतं आणि अख्खं गाव दोर घेऊन तुरुंगाबाहेर जमतं. तिसरं रीळ संपल्यावर वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका तुम्हाला ओरडून म्हणाले, “मिस्त्री, आधी चहा की आधी फाशी?” सगळे हसले. शेवटच्या रिळाला मात्र तेच बाहीने डोळे पुसत होते. “बिचाऱ्याचं कोणी ऐकूनच घेतलं नाही,” म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्याच अंगणात तीच माणसं उभी आहेत. तळमजल्यावरच्या मावशींच्या बांगड्या सिनेमा चालू असताना उघड्या घरातून गेल्या आहेत, आणि सगळ्यांच्या मध्ये, जिन्यापाशी, गुहागरकडचा प्लंबर उभा आहे. येऊन त्याला तीनच महिने झाले आहेत. “मी पाण्याच्या पिंपाजवळच बसलो होतो, आईशपथ,” तो परत परत सांगतो. “काल फुकट सिनेमा, आज फुकट बांगड्या,” ड्रायव्हरकाका म्हणतात आणि त्याची कॉलर धरतात. तुम्ही जिन्याच्या पायरीवर त्याच्यापुढे येऊन उभे राहता. “पोलिसांना बोलावू. तोवर अंगाला हात लावायचा नाही.” आणि गर्दी खरोखर थांबते. मग कोणीतरी म्हणतं, “मिस्त्री, तुमच्या पोरीला विचारा. ती वही ठेवते.”

तुम्ही माझ्याकडे वळलात. “पाहिलंस का गं तू याला?” मी वही उघडली. वहीत फक्त वेळा होत्या. “तिसरं रीळ सुरू, आठ वाजून दहा मिनिटं,” मी वाचलं, आणि वर न बघता पुढे म्हणाले, “तेव्हा पिंपाजवळची खुर्ची रिकामी होती.” तुम्ही त्याच्यापुढून बाजूला झालात. मग पायरीवरून खाली उतरलात.

त्याचा शर्ट फाटला, ओठ फुटला. “खलास, याला घरी पाठवा,” असं त्याच्या ठेकेदाराने ठरवलं. दोन दिवसांत व्हिसा रद्द झाला आणि त्याला विमानात बसवलं. पोलिसांना कोणी बोलावलंच नाही. बांगड्या कोणी नेल्या ते मला आजही माहीत नाही. तुम्ही त्यानंतर कधी चादर ताणली नाहीत. त्या खुर्चीबद्दल मला परत विचारलंही नाहीत. दोन वर्षांनी तुम्ही कायमचे गेलात.

आता सौदीकडे जाणारा पूल झालाय, अरादमधलं ते अंगण पार्किंगला गेलंय. मी अजून बहरीनमध्येच आहे. रिळांच्या वेळांची ती वही माझ्या ऑफिसच्या खणात असते आणि हा कागद मी तिच्यातच ठेवणार आहे, त्या गुरुवारच्या पानावर. बाबा, तिसरं रीळ चढवताना मी फिल्म ओवत होते आणि माझी पाठ लोकांकडे होती. खुर्ची मी पाहिलीच नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ‘माहीत नाही’ म्हणायची मला लाज वाटली.