कतले गेले कुठे

१४ सप्टेंबर, रविवार

काल बाबांची तेरवी झाली. सुतकात आमच्या घरचं जाळं पाण्यात पडत नाही, म्हणून आज शेतातल्या बोडीवर, आमच्या लहान तळ्यावर, गेलो. तीन मरळ निघाल्या. बाबांनी वाढवलेला कतला मासा एकही नाही.

इतके दिवस बोडी कुंदाताईच्या नवऱ्याने सांभाळली. भाऊजी हसले. "नाल्याले पूर होता बावा, मासे वर चढून गेले. तू कायले डोकं लावून राहिला?"

खरंच चढले? मरळ लांबट, निमुळती, धारेतून सहज वर जाते, तीच राहिली. कतल्याचं डोकं मोठं, पोट रुंद, वाढलेला संथ पाण्यात. दर पावसाळ्यात नाल्याच्या तोंडाशी धडपडतो आणि मागे ढकलला जातो. एवढं पोट घेऊन सगळेच चढले? खाली वाहून जावेत, तर सांडव्याची जाळी शाबूत आहे.

पण तिरडीला पहिला खांदा भाऊजींनीच दिला. त्यांनीच कतले काढून विकले, असा संशय घ्यावा का?

संध्याकाळी ताईचा फोन आला. "कतला निघाला का रे?"

निघाला म्हणालो. खरं बोललो असतो तर तिचं माहेर तुटलं असतं. की तिला माहीत आहे, म्हणूनच विचारलं?

मग मरळ न रांधता वरण-भात वाढून घेतला. जेवून ताट धुऊन ठेवलं.