मिनिटाला शंभर ठोके

२ डिसेंबर, सरळगाव

सामान लावून झालं. खोली चौदा फूट बाय दहा, खिडकी पूर्वेला, नळाला पाणी साडेसहा ते सव्वासात. ओट्यावर बसलं की लांबवर सिद्धगडाची कड दिसते. कारखान्याची गाडी आठला नाक्यावरून सुटते. कल्याणच्या कंपनीत मी ठिकठिकाणच्या यंत्रांना सुरक्षेचे दाखले द्यायचे. आता मुरबाडच्या एका कारखान्यात त्याच कामाची कायमची नोकरी मिळाली आहे. मी खूश आहे, असं लिहायला हरकत नाही.

घरमालकीण काशीताई, पंचेचाळिशीच्या. नवरा गेल्या पावसाळ्यात अपघातात गेला, एवढंच बोलल्या. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढताना म्हणाल्या, बाय, तुझ्यापेक्षा आमची केरसुणी जाड.

भिंतीला पखवाज टांगलेला आहे. मी तबल्याच्या पाच परीक्षा दिल्या आहेत हे कळताच त्यांनी तो उतरवला. गावच्या भजनी मंडळाला नवरा गेल्यापासून वाजवणारा नाही आणि हरिनामाचा सप्ता पंधरा दिवसांवर आलाय. मी हो म्हटलं.

५ डिसेंबर

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, वाजवून झाल्यावर खरवडून काढतात. काशीताईंनी बजावलं की कणीक तशीच सोडायची नाय, सोडली तर कोण पण येऊन वाजवतं. चामडं खराब होत असणार. मी जास्त विचारलं नाही.

मंडळाचे म्होरके रामूदादा, सत्तरीचे. हात साफ आहे म्हणाले, पण मी पळते. मग सगळ्यांकडे बघून विचारलं, हिला आसनगावची गाडी पकडायचीय काय रे? मंडळ हसलं. त्यांचं बरोबर आहे, मी घाई करते. लय धरून ठेवायला काहीतरी हवं.

८ डिसेंबर

सुट्टी. कल्याणला जाऊन ठरवलेल्या लयीत ठोके देणारा मेट्रोनोम आणला. तीन पर्याय पाहिले. मोबाइलमधलं अ‍ॅप अचूक आहे, पण फोन आला की थांबतं. बॅटरीवरच्याचा आवाज पखवाजाखाली बुडेल. किल्लीचा लाकडी मेट्रोनोम जुन्या पद्धतीचा: दांडी डोळ्यांसमोर हलते, दांडीवरचं वजन वर सरकवलं की लय संथ, खाली घेतलं की जलद. दुकानदार म्हणाला, हा लोक शोभेला नेतात. मी तिथेच उभी राहून दहा मिनिटं मोजला. मिनिटाला साठवर लावला होता, ठोके पडले ५९८. एवढी चूक चालते. तोच घेतला.

संध्याकाळी साठच्या लयीत तासभर बसले. एकदाही पळाले नाही.

११ डिसेंबर

मेट्रोनोम साठवर लावला. ठोके शंभर पडले. वजन जागेवर होतं. किल्ली पूर्ण उतरवून पुन्हा भरली, तरी शंभर. मोबाइलचं अ‍ॅप साठवर लावलं, तेही शंभर. म्हणजे दर ०.६ सेकंदाला एक. स्टॉपवॉच बरोबर आहे, ते मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन निराळ्या यंत्रांत सारखीच चूक येत नसते.

काशीताई दारात उभ्या होत्या. आमच्या माणसाची लय हीच, म्हणाल्या आणि आत गेल्या.

१२ डिसेंबर

कामावरून आले तर पखवाजाला ताजी कणीक. काशीताई सकाळपासून शहापूरला बहिणीकडे. दाराची किल्ली माझ्याकडेच होती. कणकेत डाव्या हाताचा ठसा, पाचही बोटं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत २१ सेंटिमीटर. माझा हात १८ भरतो.

खरवडून टाकली.

१३ डिसेंबर

जेवताना ठशाचं विचारलं. काशीताई भात वाढत बोलल्या. त्यांचे देवराम मुरबाडला पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. माझ्याच कारखान्यात. पत्रा लावताना प्रेस खाली आली, डावा पंजा गेला, रक्त थांबलं नाही. चौकशीच्या कागदात आलं की यंत्र ठीक होतं, कामगाराची हात काढायची वेळ चुकली. तीस वर्षांत ज्याची सम चुकली नाय, त्याची वेळ चुकली म्हणून लिवलंय, त्या म्हणाल्या. गावातली पोरं अजून हसतात.

मग यंत्राचा दाखला दाखवला. प्रेस क्रमांक चार. थांबण्याची वेळ ०.२० सेकंद. नाव नाही, नुसती सही.

सही माझी आहे.

त्यांनी विचारलं, कोण असंल गो ही बाई? मी म्हटलं, माहीत नाही. ताट संपवलं.

त्या सहीवरून बाई की बुवा हे कळत नाही. लिहिताना लक्षात आलं.

१४ डिसेंबर

वहीत तरी नेमकं लिहावं. प्रेससमोर प्रकाशाची जाळी असते. जाळीत हात गेला की प्रेस ०.२० सेकंदात थांबली पाहिजे. ते मोजायला मी आलेच नव्हते. इथल्या सुपरवायझर विपुलचा फोन आला होता: काम चालू आहे, यंत्र बंद करता येत नाही, मागच्या वर्षीचा आकडा टाका. कल्याणला बसून टाकला.

खरं लिहून दिलं तर माझा परवाना जाईल, देवरामांवरचा डाग पुसेल. नाही लिहिलं तर माझं काहीच जात नाही.

पत्र लिहिलं नाही.

१५ डिसेंबर

मेट्रोनोम कपाटात, किल्ली काढून. तरी ठोके. माझा डावा हात टेबलावर वाजतोय. मी वाजवत नाही. मोजलं — शंभर.

पुन्हा कणीक. ठसा २१. या वेळी हात धुताना माझ्या नखांत कणीक निघाली.

१६ डिसेंबर

मंडळात वाजवलं. रामूदादांचं गाणं मधेच थांबलं. म्हणाले, हा देवरामचा हात. डोळे पुसत होते. काशीताई रडल्या नाहीत. माझा डावा हात मांडीवर घेऊन चोळत राहिल्या, लेकीचा चोळावा तसा. आता सम जवळ आली, म्हणाल्या.

उद्या प्रेस मोजते. खरा आकडा लिहून देते. मग तरी —

१७ डिसेंबर, कारखाना, ११.४०

प्रेस चार. विपुल म्हणाला, गाडलेलं कशाला उकरताय मॅडम. दहा मिनिटं दिली. काठी जाळीत घालून मोजते आहे, वही प्रेसच्या टेबलावर.

मोजणी १ — ०.६०
मोजणी २ — ०.६०
मोजणी ३ — ०.६०

म्हणजे हात आत गेल्यावरही प्रेसचा एक पूर्ण ठोका खाली येतो. देवरामांची वेळ चुकली नव्हती. माझ्या सहीनं — हे मी आजच

उशीर झाला. विपुलनं प्रेस पुन्हा कामाला चालू केली. मिनिटाला शंभर.

काठी खाली पडली आहे. उजव्या हातात पेन. मग जाळीत काय —

डावा. ओढते आहे, येत नाही. तळव्याला ओलं, कणकेसारखं. बोटं माझी नाहीत, लांब आहेत, ती मोजताहेत, एक — दोन —

थांबेल. थांबायलाच हवी. मीच लिहून दिलंय, ०.२० सेकंदात थां