शंभर मोजेपर्यंत

मी, लाकडी शिड्या करणारा सुतार, वय अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, की गोड बोलून फसवलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी शेजारी बसून केली आहे. गुडघ्यांबद्दल कोणी विचारू नये.

१. राहते घर व मागचा कारखाना माझ्या मुलाला मिळावा. अकरा वर्षांपूर्वी मीच त्याला तिथून हाकलले, त्यामुळे लोक तोंडात बोटे घालतील. खुशाल घालोत.

२. रंधा, पटाश्या, गिरमिट हेही त्यालाच. करवत पुतण्याने नेली आहे, ती परत आणावी. मागितली की "शोधतो, काका" म्हणतो. सहा वर्षे शोधतोय लेकाचा! व्यापारी मंडळाने मला दिलेले 'मूल्यांचे जतन' हे मानपत्र पुतण्याला द्यावे. काचेसकट.

३. आमच्या घरात मूल्य म्हणजे एवढेच: शिडी देण्याआधी आपण स्वतः वरच्या पायरीवर उभे राहायचे, शंभर मोजायचे, मग खडूची खूण करायची. वडील म्हणत, "जिथं आपण उभं राहत नाही, तिथं दुसऱ्याला कशाला चढवायचं?" ती खूण बघून लोक बिनघोर चढत. संस्कृती याहून मोठी असेल, मला ठाऊक नाही. एवढी मोडली तर काय होते, ते मात्र मी पाहिले आहे.

४. रंगारी ज्या शिडीवरून पडून कायमचा लंगडा झाला, ती तपासायची पाळी माझी होती. गुडघा ठणकत होता. मी चढलो नाही, खूण तेवढी केली. लोक दारात जमले तेव्हा मी म्हणालो, "पोरानं तपासली होती." मुलाने ते अंगावर घेतले. चारचौघांत बापाला खोटे पाडायचे नाही, हेही मीच त्याला शिकवले होते. त्याचाच मी फायदा घेतला आणि वर त्यालाच घराबाहेर काढले. मला लाज वाटते.

५. हे वाचून साक्षीला आलेल्या त्याच रंगाऱ्याने पेन खाली ठेवले. "तुम्ही गेल्यावर त्यानं हे कागदात वाचायचं होय? आधी त्याला बोलवा. तोंडावर सांगा, मग सही."

मुलाला बोलावले. तो दारातच उभा राहिला. मी कलम चार वाचून दाखवले. त्याने एकच विचारले, "बाबा, आईला सांगितलं होतंत?"

ती तीन वर्षांपूर्वी गेली. जाईपर्यंत त्याला सांगत होती, "एकदा जाऊन त्या रंगाऱ्याची माफी माग रे."

उत्तर: नाही. हे उत्तर मृत्युपत्राचा भाग समजावे. कलम एक स्वीकारायचे की नाही, ते मुलाने ठरवावे.

सही: शिडीवाला

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. रंगारी. (सही केली. जिना उतरताना मुलाने त्याला हात दिला. दोघे बरोबर गेले. मुलगा परत येईल का, माहीत नाही.)

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा